चपलांची रांग
नव्या धानाचा वास आला की अर्जुनी मोरगावकडचं ते खरेदी केंद्र आठवतं. गर्दी वाढली की तिथल्या सर्व्हरला स्वतःच्याच डिस्क दिसेनाशा व्हायच्या; तो दुरुस्त करायला मी गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत मी डिस्क चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे डिस्क-कंट्रोलरचा ड्रायव्हर, बदलला, रिकामं मशीन झकास चाललं, आणि मी ऐटीत सांगितलं, "तुमचे नंबर आता कॉम्प्युटरमध्ये आहेत, चपला उचला." सकाळपासून नंबर धरायला मांडलेल्या चपला लोकांनी उचलल्या. सुट्टी संपून सगळे काउंटर एकदम सुरू झाले आणि डिस्क पुन्हा दिसेनाशा झाल्या, नंबरांसकट. लोक दाराकडे धावले. सगळ्यात पुढे चपला असलेली म्हातारी ढकलाढकलीत पार मागे पडली. मला म्हणाली, "आमच्या चपला काऊन उचलाले लावल्यास गा?" पुढचा ड्रायव्हर मी भर गर्दीत तपासला, तो टिकला. तो तपासेपर्यंत मात्र चपला रांगेतच राहू दिल्या, तिच्या सगळ्यात पुढे.