विनताबाईंनी उतरवलेला गंधार

विनता गजभिये यांना मी खरं म्हणजे ओळखत नव्हतो. वर्षातून दोनदा त्या जबलपूरच्याच कांचघर वस्तीतून आमच्याकडे यायच्या, माझ्या पत्नीची, प्रतिमाची, पेटी उघडायच्या, तास-दीड तास काम करायच्या, चहा घ्यायच्या आणि जायच्या. असं बावीस वर्षं चाललं. त्यांनी लग्न का केलं नाही, घरी कोण कोण होतं, यातलं मला काही सांगता येणार नाही. प्रतिमा गेल्यावर पेटी वाजवणारं घरात कोणी उरलं नाही, तरी त्या येत राहिल्या. मी "आता नको" म्हटलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

लिहिण्याची मला सवय नाही. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप केली. पण यंदा मार्चमध्ये विनताबाई गेल्या आणि आपल्या मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर दोन ओळी आल्या. 'पेटी दुरुस्त करून देणाऱ्या' एवढंच त्यांत होतं. ते वाचून मला राग आला. माझ्या वयाला शोभणार नाही इतका आला. त्या रागाची सुरुवात मात्र डिसेंबरातल्या संमेलनात झाली होती, म्हणून तिथपासून सांगतो.

विनताबाईंचे वडील पुंडलिकराव वर्ध्याकडून इथे आलेले, संरक्षण कारखान्यात फिटर. वस्तीतल्या गाण्याच्या मंडळात ते पेटी वाजवायचे. एकदा मंडळाची पेटी बिघडली, ती त्यांनी स्वतःच उघडली आणि तिथून ते काम घरात आलं. पेटीच्या आत प्रत्येक स्वरासाठी पितळेची एक लहान पाती असते. ती टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. जास्त घासली तर पाती कामातून गेली. पुंडलिकरावांची एक रीत होती. कुठल्याही कारणानं पेटी उघडली, तरी तिचा गंधार तपासल्याशिवाय ती बंद करायची नाही. वाजवणारा कुठून सा धरतो ते विचारायचं आणि त्या सा-चा गंधार अगदी किंचित उतरवायचा. कारण काय, हे त्यांनी मुलीला कधी सांगितलं नाही. "कान लाव," एवढंच म्हणायचे.

विनताबाई वडिलांसारखंच करत आल्या. मग मोबाइल आला. हल्ली कोणीही पेटीपाशी मोबाइल धरतो आणि स्वर बरोबर की चूक ते पडद्यावर दिसतं. विनताबाईंचा गंधार तिथे लाल दिसायचा. "दीदी, लाल आ रहा है," असं म्हणून लोक पेट्या परत आणू लागले. बाई छप्पन्न वर्षांच्या. आपण आणि आपले बाबा सगळा जन्म चूकच करत आलो की काय, हा प्रश्न त्यांना खाऊ लागला. आमच्याकडे पेटी उघडून बसल्या असताना त्यांनी एकदाच तो बोलून दाखवला.

"जाणत्या माणसानं एकदा सांगावं, बस. चूक असंल तर चूक. मी सोडून देईन."

तेवढ्यात इथेच जबलपूरला पेटीवादकांचं संमेलन भरणार असल्याचं कळलं. तीन दिवस, देशभरातले वादक, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता 'पेटीचे स्वर' या विषयावर दिल्लीच्या गौरांगजींचं व्याख्यान. विनताबाईंनी प्रतिनिधी म्हणून नाव नोंदवलं आणि माझंही नोंदवायला लावलं. "एकटी बाई मी तिथे कोणाशी बोलू, काकाजी?" कार्यक्रमपत्रिकेवर त्यांनी लाल पेननं खुणा केल्या होत्या. गौरांगजींच्या नावाभोवती दोनदा गोल होता. प्रश्न त्यांनी सांगितला आणि मी तो शुद्ध हिंदीत टाइप करून दिला: मेरे पिताजी गंधार थोड़ा उतारकर मिलाते थे, मोबाइल उसे ग़लत बताता है, सही कौन है?

पहिल्या दिवशी उद्घाटनाआधीच एका वादकाच्या पेटीची पट्टी अडकली. संमेलनाचे सचिव जगदीशजी माइकवर म्हणाले, "भाई, पेटी खोलना कोई जानता है क्या?" आणि विनताबाईंनी हात वर केला.

तो हात वर करायला नको होता. पण बिघडलेली पेटी समोर असताना हात खाली ठेवणं त्यांना जमणारं नव्हतं, आणि मीही कौतुकानं बघत बसलो. जगदीशजी त्यांना व्यासपीठामागच्या खोलीत घेऊन गेले, आणि त्या तिथेच अडकल्या. "दीदी, ज़रा ये भी देख लो." "दीदी, इसका भाता लीक है." गळ्यातलं प्रतिनिधीचं कार्ड वाकलं की पात्यांवर आपटायचं, म्हणून ते त्यांनी काढून पिशवीत टाकलं. उद्घाटन त्यांनी भिंतीपलीकडून ऐकलं. दुपारचं वादनही तसंच. मी दोनदा चहा नेऊन दिला.

"उद्याचं तरी सोडू नका," मी म्हणालो.

"छे! उद्या मी पहिल्या ओळीत असणार. हे एवढं करून राहिली, हे झालं की झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरांगजींचीच पेटी त्या खोलीत आली. प्रवासात तिचीही एक पट्टी दबली होती. विनताबाईंनी ती दहा मिनिटांत मोकळी केली. मग पेटी आणणाऱ्याला गुरुजींचा सा विचारून गंधार तपासला. तो त्यांच्या कानाला चढा वाटला, आणि रीतीप्रमाणे दोन सप्तकांतल्या त्याच्या दोन पात्या मुळाशी घासून त्यांनी तो उतरवला. उतरवायला कोणी सांगितलं नव्हतं, त्यांनीही परवानगी मागितली नाही. मी दारात उभा होतो. "पहा आता," त्या म्हणाल्या आणि दोन पट्ट्या एकत्र दाबल्या. मला फारसं कळत नाही, पण आवाज शांत झाला एवढं मलाही कळलं.

व्याख्यान सुरू व्हायला पाच मिनिटं असताना जगदीशजी आणखी दोन पेट्या घेऊन आले. संध्याकाळच्या मैफलीच्या होत्या. "बस दस मिनट, दीदी." दहा मिनिटांचा सव्वा तास झाला. पहिल्या ओळीत मी एकटा बसलो, शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून.

गौरांगजी चांगलं बोलले, हे मला कबूल करायला हवं. मध्येच त्यांनी आपली पेटी पुढे ओढली, सा धरला, गंधार धरला आणि बोलायचे थांबले. पुन्हा धरला. "सुनिए," ते म्हणाले, "मोबाइल इसको लाल बताएगा. मोबाइल को गाना नहीं है. गाने वाले का गंधार यहीं बैठता है. ये कोलकाता के कारीगर का हाथ है, अब ऐसे हाथ नहीं रहे." टाळ्या पडल्या.

मला माहीत होतं तो हात कोणाचा आहे. तो हात तीस फुटांवर, भिंतीमागे, दुसऱ्याच्या पेटीचा भाता चिकटवत होता. मी उठायला हवं होतं. मी उठलो नाही. प्रश्न विचारण्याची वेळ आली तेव्हाही टाइप केलेला कागद त्यांच्याच पिशवीत आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

जेवणाच्या वेळी मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्याकडून एकेक शब्द पुन्हा म्हणवून घेतला. मग कानस हातात तशीच धरून त्या जेवणाच्या मांडवात गेल्या. मी मागे, ताट घेऊन.

गौरांगजींच्या हातात ताट होतं. पेटी शेजारच्या टेबलावर होती.

"गुरुजी, सुबह आपकी पेटी मैंने खोली थी. गंधार मैंने उतारा है. मेरे बाबा ऐसे ही उतारते थे."

गौरांगजी हसले. "दीदी, ये कोलकाता की पेटी है. आपने पट्टी ठीक की, धन्यवाद."

विनताबाईंनी पेटीचं झाकण उघडलं. जुनं पितळ काळपट पडतं, ताजं घासलेलं चमकतं. सगळ्या काळपट पात्यांमध्ये गंधाराच्या दोन पात्या मुळाशी लख्ख चमकत होत्या. चारपाच जणांनी वाकून पाहिलं. गौरांगजींनीही पाहिलं. त्यांचा चेहरा आधी कोरा झाला आणि मग लाल.

"किसने कहा था हाथ लगाने को? बिना पूछे? पूरी पेटी का मिज़ाज बिगाड़ दिया! जगदीशजी, इनको अंदर किसने बिठाया?"

ज्यांनी बसवलं होतं तेच जगदीशजी म्हणाले, "सर, मोहल्ले की मिस्त्री हैं. मदद के नाम पर हाथ साफ़ करने आ गईं."

तासाभरापूर्वी ज्या गंधारावर टाळ्या पडल्या, तोच गंधार आता बिघडलेला होता. घासणारी बाई कांचघरची निघाली, एवढाच काय तो फरक. विनताबाईंनी न विचारता हात लावला ही चूक होती, मी ती नाकारत नाही. पण मग टाळ्यांचं काय? "ह्या प्रतिनिधी आहेत," असं मी म्हणालो. इतक्या हळू, की वाढणाऱ्यानं वळून पाहिलं आणि माझ्या ताटात आणखी रायता वाढला.

"पहले जैसा कर दीजिए," गौरांगजी म्हणाले.

"नहीं करूँगी," विनताबाई म्हणाल्या. "ये कानस रही. आपको बेसुरा चाहिए तो आप घिस लीजिए." आणि कानस त्यांनी त्यांच्या ताटात, खोव्याच्या जिलबीशेजारी ठेवली.

त्यानंतर त्या खोलीत परतल्या नाहीत. पिशवीतून कार्ड काढून गळ्यात घातलं आणि सभागृहात तिसऱ्या ओळीत येऊन बसल्या. जगदीशजी दोनदा आले. दुसऱ्यांदा जवळजवळ हात जोडून. "दीदी, एक ही पेटी है."

"भैया, मैं प्रतिनिधि हूँ. सुन रही हूँ."

संध्याकाळच्या मैफलीत गौरांगजींनी आपलीच पेटी घेतली. तिथे दुसऱ्या चार पेट्या होत्या, वेळही होता. गंधारावर ते आले आणि तिथेच रेंगाळले. पुढे गेले, परत आले. विनताबाई पुढे वाकून ऐकत होत्या.

"थांबला पहा," त्या कुजबुजल्या. "बाबा बरोबर होते, काकाजी."

"त्यानं तुमची माफी मागायला हवी," मी म्हणालो.

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. "त्याचं सोडा. दुपारी तुम्ही समोर बसले होते. तुम्हाला माहीत होतं. तुम्ही उठले काहून नाही?"

मी कार्यक्रमपत्रिका उलटून पाहू लागलो. तिसऱ्या दिवशी त्या सकाळपासून शेवटच्या टाळीपर्यंत बसून होत्या. एकही सत्र सोडलं नाही, चहालाही उठल्या नाहीत. जाताना मिळालेल्या प्रमाणपत्रावर त्यांच्या नावापुढे 'सेवाकार्य' लिहिलं होतं. माझ्या नावापुढे 'प्रतिनिधि'. ज्याला सा आणि रे ओळखता येत नाही, तो प्रतिनिधी! मी ते कपाटात उलटं करून ठेवलं आहे.

पुढे त्यांनी मोबाइलवाल्यांच्या पेट्या परत घेणं बंद केलं, असं ऐकलं. "लाल दिखेगा, लेना है तो लो," म्हणायच्या.

फेब्रुवारीत बड्या फुहाऱ्याच्या बाजारात एका कापडाच्या दुकानाबाहेर त्या भेटल्या, शेवटच्या. काय बोलायचं ते मी दोन महिने मनात जुळवत होतो.

"विनताबाई, त्या दिवशी सभेत मी..."

"काकाजी, हे धरा जरा," त्या म्हणाल्या आणि अस्तराचं पुडकं माझ्या हातात देऊन पदर खोचू लागल्या. "रस्ता खोदून ठेवला आहे सगळा. कांचघरची ऑटो आज कुठून मिळून राहिली?"

"पलीकडच्या चौकातून."

"अच्छा. तुम्ही जेवले?"

"हो, जेवूनच निघालो."

"चलो, येते मग."

"या," मी म्हणालो आणि पुडकं त्यांच्या हातात दिलं.