जळगाव ते शिंदखेडा : पस्तीस नंबरच्या ओळीमागे

"संगणक कसा शिकवतात ते बघायला जळगावला?" आमच्या घरी प्रश्न आला. "तिथं लोक भरीत खायला जातात." मी म्हटलं, दोन्ही करीन.

मी नाशिकच्या एका कॉलेजात गणित शिकवते आणि गेली सहा वर्षं संगणकही. एम.फिल.च्या प्रबंधासाठी गावोगावच्या संगणकवर्गांत मागच्या बाकावर बसायचं ठरवलं होतं. माझी पद्धत साधी होती. मुलाच्या वहीतलाच एखादा प्रोग्रॅम घ्यायचा, एकेक ओळ त्याच्या शब्दांत सांगायला लावायची आणि मग विचारायचं, "ही ओळ काढली तर काय होईल?" जानेवारीत आठवड्याची रजा मिळाली. पिशवीत शंभर प्रश्नपत्रिका, डायरी आणि एक शाल घेऊन निघाले.

जळगावला सकाळच्या पॅसेंजरने उतरले. स्टेशनजवळच्या लॉजमध्ये एकटी बाई बघून मालकाने तीनदा नाव विचारलं, पण खोली स्वच्छ दिली आणि गरम पाण्याची बादली न मागता पाठवली. थंडीत या भागात येणार असाल तर पहिलं जेवण भरीत-पुरीचंच करा. वांगी काड्यांवर भाजलेली असतात, तो धुराचा वास बोटांना संध्याकाळपर्यंत राहतो.

तिथल्या एका शाळेत संगणकाची खोली चौधरी बाईंच्या ताब्यात होती, शिकवायच्याही त्याच. चपला बाहेर, यंत्रावर भरतकामाचं आच्छादन, तीस मुलं आणि दोन यंत्रं. मुलांच्या वहीत दहा जणांच्या गुणांची सरासरी काढण्याचा प्रोग्रॅम होता. असा प्रोग्रॅम सगळीकडेच असतो. मुलं धडाधड सांगत गेली आणि पस्तीस नंबरच्या ओळीवर अडली. तिथं लिहिलं होतं, झेड बरोबर शून्य. पुढे झेड कुठेच नव्हता.

"ही कशाला?"

"मशीन ताजं होतं," एक मुलगी म्हणाली.

"मेमरी मोकळी होते," दुसरा म्हणाला.

चौधरी बाई हसून म्हणाल्या, "अहो मॅडम, पद्धत आहे ती." लॉजवर येऊन मी डायरीत लिहिलं : 'घोकंपट्टी. शिक्षकांनाच कळत नाही, तर मुलांना काय कळणार?' खाली दोन रेघा मारल्या. लिहिताना बरं वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने धरणगाव. तासाभराचा रस्ता, पण कपाशीच्या बैलगाड्यांमागून सावकाश जावं लागतं. खिडकीशी बसलात तर कापूस केसांत घेऊनच उतराल. इथला वर्ग कांतीलालभाऊंच्या कापडदुकानाच्या माळ्यावर भरतो. भाऊंचे आजोबा राजस्थानातून आलेले. भाऊंनी दुकानासाठी संगणक घेतला आणि दुपारी तो रिकामा राहतो म्हणून वर्ग काढला. शिकवतात स्वतःच, पन्नाशीत शिकून.

त्यांच्या वहीतही तोच प्रोग्रॅम आणि तीच पस्तीस नंबरची ओळ. मी विचारल्यावर भाऊंनी चहाची बशी खाली ठेवली. "मॅडम, नव्या ट्रकला आम्ही लिंबू-मिरची बांधतो. ट्रक त्यानं चालतो का? नाही. पण काढून कोण बघणार?"

शेतावरून थेट वर्गाला आलेला, मिशा फुटलेला एक विद्यार्थी मागून म्हणाला, "बठ्ठा लिखतस, मंग मी बी लिखस."

सगळे लिहितात म्हणून तोही लिहितो! सगळे हसले, मीही. त्याच्याएवढं सरळ उत्तर मला आठवडाभरात दुसरं मिळालं नाही. निघताना भाऊंनी शेवेचा पुडा हातात दिला आणि म्हणाले, "त्या ओळीचा पत्ता लागला तर आम्हालाही कळवा."

तिसऱ्या दिवशी धरणगावहून एरंडोलला बस बदलून धुळ्याला पोचायला दुपार झाली. देवपुरात माझी कॉलेजातली मैत्रीण मंगल राहते, तिथल्याच एका शाळेत शिकवते. पांझरेच्या पुलावरून रिक्षा गेली तेव्हा पात्रात वाळूच जास्त होती. मंगलने ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला आणि तोंडातली आग शमायच्या आत तिच्या मुलांच्या वह्या पुढे टाकल्या. पुन्हा झेड बरोबर शून्य.

"तू कुठून घेतलंस हे?"

"शिंदखेड्याच्या भामरे सरांकडून. ते नाशिकला ट्रेनिंगला गेले होते, त्यांची शीट इकडे सगळ्यांकडे फिरते." मग तिने विचारलं, "पण पस्तीस का गं? बाकीच्या ओळी दहा, वीस, तीस, चाळीस."

हे मला आधीच दिसायला हवं होतं. आम्ही ओळींना दहा-दहाच्या अंतराने नंबर देतो, ते मागाहून मध्ये काही घालायचं झालं तर जागा असावी म्हणून. पस्तीस म्हणजे कुणीतरी नंतर घातलेली ओळ. कुणीतरी, काहीतरी कारणाने. पाच वर्षांपूर्वी नाशिकच्या त्या ट्रेनिंगला शिकवणाऱ्या चौघांत मी होते. भाकरी गोड लागेना.

शिंदखेड्याची बस सकाळी नऊची. सोनगीरपर्यंत रस्ता बरा, पुढे कंबर सांभाळा. भामरे सर स्टँडवर सायकल घेऊन उभे होते. माझी पिशवी त्यांनी हँडलला लावली आणि शाळेपर्यंत चालत चालत आपली अडचण सांगितली.

धुळ्याला शाळांची संगणक स्पर्धा होती. एका शाळेतून दोघंच. सरांनी वर्गात परीक्षा घेतली आणि नववीतली सुनंदा अर्ध्या गुणाने तिसरी आली, कारण तिने पस्तीस नंबरची ओळ लिहिली नव्हती आणि सरांनी एक गुण कापला होता. पोरगी तेव्हापासून वर्गात येते, पण यंत्राला हात लावत नाही. नावं आज दुपारी पाठवायची होती.

"मी काय करू मॅडम? शीटमध्ये ओळ आहे म्हणजे कारण असणार. तुम्ही तज्ज्ञ. तुम्ही सांगाल ते."

वर्गात सुनंदा शेवटच्या रांगेत होती, हात घट्ट बांधून. मी तिला विचारलं, ओळ का गाळली? आधी ती पुस्तकी मराठीत बोलली. "झेडचा पुढे उपयोग होत नाही." मग न राहवून म्हणाली, "मी काढी टाकी, तरी उत्तर तेच उनं. तीनदा पाह्यं."

सरांनी कपाटातून शीट काढली. पिवळा पडलेला सायक्लोस्टाइलचा कागद. स्टेन्सिल हाताने कापलेली, आणि तो हात माझा होता. माझा 'ळ' मी कुठेही ओळखीन.

मग आठवलं. छापण्याआधी हा प्रोग्रॅम नापास मुलंही मोजायचा, झेडमध्ये. ती मोजणी मी पस्तीसपासून मागाहून घातली होती. एका पानात बसेना म्हणून पुढचा भाग काढला आणि ही ओळ राहून गेली. चुकीची ओळ असती तर यंत्राने तक्रार केली असती. बिनकामाच्या ओळीबद्दल यंत्र काही बोलत नाही.

सरांना बाजूला घेऊन सांगावं, असं एकदा मनात आलं. पण गुण वर्गासमोर कापला होता. मी शीट उंच धरली आणि म्हणाले, "हा कागद मी लिहिला आहे. ही ओळ माझी चूक आहे. पाच वर्षांत ती पकडणारी सुनंदा पहिली."

पुढच्या बाकावरून हळूच आवाज आला, "मंग मॅडमचा बी एक गुण कापा." भामरे सर सगळ्यांत मोठ्यांदा हसले. त्यांनी खडू घेतला, फळ्यावर सुनंदाचा गुण वाढवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "ट्रेनिंगला मला विचारायचं होतं हो. पण सगळे खाली मान घालून लिहीत होते."

दुसऱ्या नंबरवरचा मुलगा अर्ध्या गुणाने मागे गेला. त्याचं तोंड उतरलं, तेही मी पाहिलं. ते माझ्याच खात्यावर.

दुपारी पाकीट गेलं, सुनंदाने यंत्रावरचं आच्छादन स्वतः काढलं, आणि मी शिंदखेडा स्टेशनवर भुसावळ पॅसेंजर पकडली. ही गाडी घाईच्या माणसाची नव्हे, पण धरणगावला ती बरीच थांबते. कांतीलालभाऊंना देवपुरातून फोन केला होता तेव्हा 'पत्ता लागेलसं वाटतं, उद्या पॅसेंजरने परतेन' एवढंच मी म्हणाले होते, तरी ते फलाटावर आले होते. मी खिडकीतून सगळं सांगितलं.

"म्हणजे लिंबू तुम्हीच बांधलं होतं," ते म्हणाले. "चला, आता बिनधास्त काढतो."

घरी येऊन डायरीतलं ते दोन रेघांचं वाक्य खोडलं. तरी वाचता येईल असंच खोडलं, कारण प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथून सुरू करायचं आहे. मुलांना काय कळत नाही, हे मोजायला मी निघाले होते. आम्ही दिलेल्या कागदाला हात लावायची मुभा त्यांना किती आहे, हे आता मोजायचं आहे. नवी शीट लिहून चौधरी बाई, भाऊ, मंगल आणि भामरे सरांना पाठवली. वर लिहिलं, ओळी काढून बघाव्यात.

तीन आठवड्यांनी सुनंदाचं पोस्टकार्ड आलं. धुळ्याला नंबर आला नाही, असं तिने एका ओळीत उरकलं होतं. बाकीचं कार्ड नव्या शीटबद्दल होतं : "एकेक ओळ काढून पाहिली. सगळ्या लागतात."