पहिलं मशीन पटले भाऊंचं

काही महिन्यांपूर्वी एका सोमवारी मी नागऱ्याच्या देवळातून बाहेर पडत होते, तेव्हा ऑफिसातून फोन आला. पटले भाऊ गेले... हृदयविकाराचा झटका. मी चप्पल घालायला वाकले होते, तशीच पायरीवर बसले. खरं सांगायचं तर आधी दुःख झालं नाही, रागच आला. न विचारता काही करायचं नाही, हा त्यांचाच नियम होता, आणि गेले मात्र कोणाला न विचारता.

आमची धान खरेदीची संस्था. ऑफिसात आठ-दहा संगणक, सगळे एकमेकांना जोडलेले, आणि ते सांभाळायचे दवनीवाड्याचे दिलीप पटले. अपडेट आलं की खुर्चीतून न उठता त्यांना ते सगळीकडे टाकता आलं असतं. टाकत मात्र नसत. आधी स्वतःच्या मशीनवर टाकायचे, आठवडाभर त्यावर काम करून बघायचे, मग प्रत्येकाच्या टेबलाशी येऊन विचारायचे, आता करू का? साहजिकच त्यांचा संगणक बारा महिने आजारी. आम्ही चिडवायचो, ते हसून चहा मागवायचे. एकदा ऐन खरेदीत एका अपडेटनं त्यांच्या पडद्यावरची मराठी अक्षरं जाऊन नुसते चौकोन उरले. बाहेर धानाचे ट्रॅक्टर उभे होते आणि आमच्या पावत्या सुरळीत निघत होत्या. त्या दिवसापासून चिडवणं कमी झालं... जरासं.

मग पत्रं नि तक्ते करायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. ओळखीचं एकही बटण जागेवर नाही. साहेबांनी स्पष्ट सांगितलं, ज्याला जमणार नाही त्यानं गोदामावर जावं. माझं वय, माझे गुडघे, आणि दिवसभर पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभं राहायचं... मला जेवण जाईना. भाऊंनी माझं मशीन सगळ्यात शेवटी ठेवलं आणि डब्याच्या सुट्टीत रोज मला स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"ताई, कायले भिऊन राहिल्या? दाबा. बिघडलं त माह्यं बिघडन."

मी भरपूर बिघडवलं. एकदा त्यांचा अख्खा तक्ता उडवला. ते नुसतं "हं" म्हणाले आणि पुन्हा टाइप करायला बसले. माझ्या टेबलावर नवी आवृत्ती आली, तोवर ती माझ्या हातात बसली होती. गोदाम टळलं. या माणसावर माझा फार जीव होता. त्यांना कधी सांगितलं नाही, आमच्याकडे असं कोणी सांगत नाही.

गेल्या आठवड्यात नवं अपडेट आलं. हे काम आता नागपूरच्या एका एजन्सीकडे आहे. फोनवरचा तरुण म्हणाला, सगळ्यांवर एकदमच टाकून देतो. मी म्हटलं, नाही, आधी एकावर टाका, आठ दिवस बघू. कोणाच्या मशीनवर, त्यानं विचारलं. ऑफिसात सगळ्यांनी आपापल्या पडद्यात मान घातली.

"माह्या मशीनवर टाक," मी म्हटलं.

"मॅडम, काही बंद पडलं तर?"

"पडू दे न. बाकीच्यांचं त चालून राहीन."

फोन ठेवला. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढे सरकू लागली आणि मला, इतक्या दिवसांनी, रडू आवरेना.