यादीतलं नाव, पासपोर्टवरचं नाव

मतदानाचं कार्ड आलं तेव्हा सासूबाई ते हातात धरून दारातच उभ्या राहिल्या. "हे आपलं नव्हे," म्हणाल्या. "पोस्टमन चुकलाय."

पोस्टमन चुकला नव्हता. पत्ता आमचाच होता, बदललं होतं ते मतदारसंघाचं नाव. हद्दी नव्याने आखल्या होत्या आणि लंडनमधल्या हाउन्सलोतला आमचा रस्ता शेजारच्या मतदारसंघात गेला होता. कोपऱ्यावरच्या लाँड्रीच्या पलीकडे जुनाच मतदारसंघ, अलीकडे नवा. मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपला खासदार?"

"तो आता लाँड्रीपलीकडच्यांचा, आई."

"मला कुणी विचारलं नाही ते."

त्यांचा राग मला कळत होता. त्या खासदाराच्या पत्रामुळे त्यांच्या धाकट्या भावाला एकदा व्हिसा मिळाला होता. तेव्हापासून दर दिवाळीला त्याच्या ऑफिसात चकल्यांचा डबा जायचा. डबा परत यायचा तो धुतलेला आणि आत आभाराची चिठ्ठी असलेला. सासूबाईंच्या लेखी हेच लोकप्रतिनिधित्व.

सासरे गेल्यानंतरची संसदेची ही पहिलीच निवडणूक. कपाटात त्यांचा एक खण होता, अजून आहे. इथे आल्यापासून प्रत्येक निवडणुकीत दारातून पडलेली पत्रकं त्यांनी त्यात ठेवली. कुणाला या मतदारसंघाचा इतिहास हवा असेल तर तो तिथे आहे. अगदी खाली दोन रंगांत छापलेली, टाय लावलेल्या गोऱ्या माणसांची. त्यांवर कारखान्यांतल्या नोकऱ्यांची आश्वासनं. मग कारखाने जातात आणि नोकऱ्या विमानतळावर येतात. मधल्या थरात पंजाबी येते, उर्दू, गुजराती, पुढे पगडी घातलेला उमेदवार, साडीतली उमेदवार. एक हिंदी पत्रक आहे, त्यातल्या चुका सासूबाईंनी पेन्सिलीने दुरुस्त केल्या आहेत. मराठीत एकही नाही. आम्ही इतके थोडे की आमच्यासाठी छपाई परवडत नाही. आणि तळापासून वरपर्यंत, पक्ष कोणताही असो, विमानांचा आवाज कमी करण्याचं वचन. हे वाचून दाखवताना सासऱ्यांना मध्येच थांबावं लागायचं, कारण वरून विमान जात असायचं.

तर कार्ड टेबलावर पडलं होतं आणि माझी मुलगी टोस्ट खाताखाता ते वाचत होती. तिचा जन्म इथला, नोकरी इथली, मराठी घरापुरतं.

"आजी, इथे तुझा नाव वेगळा आहे."

"तुझं नाव वेगळं," सासूबाई सवयीने म्हणाल्या.

"माझा नाही, तुझा! पासपोर्टवर दुसराच आहे. या वेळी फोटो आयडी लागतो. ते तुला आत सोडणार नाहीत."

मी कार्ड हिसकावून घेतलं. मी एका कार्गो कंपनीत कस्टम्सचे कागद तपासते. माल पाठवणाऱ्याचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर तो माल शेडमधून हलत नाही. हे मी रोज लोकांना फोनवर ऐकवते. आणि आदल्याच आठवड्यात मी सासूबाईंना सांगितलं होतं, "काही काळजी करू नका, पासपोर्ट घेऊन जायचं, झालं." मेयरच्या निवडणुकीलाही आयडी लागला होता, पण तेव्हा त्या पुण्याला भाचीच्या लग्नाला होत्या, त्यामुळे आधी हे कळायला वाव नव्हता. तरीही चूक माझीच.

मूळ कारण त्यांच्या लग्नातलं. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे ताटात तांदूळ पसरले, सासऱ्यांनी त्यात अंगठीने नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. सासरी सगळे त्याच नावाने ओळखू लागले. पण पासपोर्ट निघाला तो शाळेच्या दाखल्यावरून, म्हणून तिथे माहेरचं नाव. तेच पुढे पेन्शनला, बसच्या पासला. मतदार यादीचा फॉर्म मात्र घरी यायचा आणि तो सासरे भरायचे. त्यांनी बायकोचं नाव लिहिलं ते अर्थातच स्वतः ठेवलेलं. नियम बदलत गेले तरी यादीतलं नाव तसंच पुढे सरकत राहिलं. गंमत अशी की त्या नावाने त्यांनी बायकोला कधी हाक मारली नाही. जन्मभर "अगं" म्हणाले.

शेवटची तारीख चार दिवसांवर होती. मी कौन्सिलला फोन लावला. बाई चांगली होती.

"नाव बदलल्याचा काही पुरावा? डीड पोल? मॅरेज सर्टिफिकेट?"

सर्टिफिकेट नव्हतंच. त्या काळी लग्न नोंदवतंय कोण?

"मग नाव बदललं कुठे?" तिने विचारलं.

"तांदळात," मी म्हणाले.

तिने विचारलं, त्याचा फोटो आहे का. हसत नव्हती, मदत करू पाहत होती. फोटो होता, पण त्यात ताटापेक्षा भटजींची पाठ जास्त दिसते.

तिने सरळ उपाय सांगितला. पासपोर्टवरच्या नावाने नवा अर्ज ऑनलाइन करा, जुनी नोंद आम्ही काढून टाकू. दहा मिनिटांचं काम.

माझ्या दृष्टीने प्रश्न संपला होता. मी लॅपटॉप उघडला. सासूबाई म्हणाल्या, "थांब. काढून टाकू म्हणजे?"

"जुनं नाव यादीतून जाईल."

"त्यांनी लिहिलेलं."

"हो."

त्या उठून खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. मी एरवी वाट बघणारी बाई नाही, पण त्या दिवशी लॅपटॉप मिटला. नवऱ्याने दिलेलं नाव नवऱ्यामागे आपल्याच हाताने खोडायचं, हे ऑनलाइन फॉर्मवर सोपं दिसतं, एवढंच. पण न खोडावं तर मत जाणार. त्यांनी संसदेची एकही निवडणूक चुकवली नव्हती. एकदा तर पाय प्लास्टरमध्ये असताना सासऱ्यांनी त्यांना व्हीलचेअरवरून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्या आपण होऊन बोलल्या.

"तुला एक सांगते. ह्याला सांगायचं नाही." ह्याला म्हणजे माझ्या नवऱ्याला. "दर वेळी हे मला सांगायचे, कुणाच्या नावापुढे फुली मारायची. पत्रकं समोर मांडून, तासभर. मी हो म्हणायची. आत गेलं की मी आणि ती दोरीला बांधलेली पेन्सिल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मला पटेल त्याला द्यायची. बहुतेक वेळा दुसऱ्यालाच."

मी हिशेब केला. इतकी वर्षं दोघं स्वेटर घालून, हातात हात घालून शाळेच्या हॉलमध्ये जायचे आणि एकमेकांचं मत रद्द करून परत यायचे.

"बाबांना कधीच कळलं नाही?"

"निकाल लागला की म्हणायचे, बघ, आपली दोन मतं कमी पडली." त्या हसल्या, मग डोळे पुसले. "नाव त्यांचं होतं गं, मत माझंच होतं. भर तो फॉर्म. त्या नावाला घरात धक्का नाही लागणार. आणि माझ्या वडिलांनी ठेवलेलं नाव काय वाईट आहे? बारशाला सगळी गल्ली जेवली होती."

फॉर्म भरायला खरोखर दहा मिनिटं लागली. आठवड्याने नवं कार्ड आलं. त्यावरचं नाव त्यांनी दोनदा मोठ्याने वाचलं, हाक मारून बघावी तसं.

मतदानाच्या दिवशी आम्ही तिघी गेलो. हॉल तोच, टेबलं तीच, बाहेर कुत्री बांधून ठेवलेली तशीच. फक्त दारावरच्या कागदावर नव्या मतदारसंघाचं नाव. टेबलामागच्या मुलीने पासपोर्ट मागितला, फोटो पाहिला, सासूबाईंचा चेहरा पाहिला आणि नाव विचारलं. ते शाळेच्या हजेरीनंतर त्यांना कुणी जाहीरपणे विचारलं नसावं. त्यांनी पदर सारखा केला आणि पूर्ण नाव सांगितलं, माहेरच्या नावापासून आडनावापर्यंत, इतक्या खणखणीत आवाजात की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मुलीने पट्टी ठेवून यादीतल्या नावावर रेघ मारली आणि मतपत्रिका दिली.

त्या आतल्या कोपऱ्यात बराच वेळ होत्या. पेटीत कागद टाकून आल्या तेव्हा चेहरा असा की जणू दळण ठेवून आल्या.

रस्त्यावर आल्यावर मुलीला राहवलं नाही. "आजी, कुणाला दिला?"

"तुझ्या आजोबांना सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या, "तुला सांगू?"

आणि माझ्याकडे वळून, "निकाल लागला की त्या नव्याच्या ऑफिसचा पत्ता काढून ठेव. दिवाळीच्या आत लागेल."