जाड तार

बारामतीच्या कडेला, जळोचीत माझं रेडिओ-अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि माणसांपेक्षा यंत्रांशी माझं बरं जमतं. यंत्र बिघडलं तर गप पडतं. माणूस न विचारता शहाणपणा करतो आणि वर तोंड करून सांगतो. त्या शहाणपणाचा मला मनस्वी राग येतो.

मागच्या महिन्यात आमच्या गावाहून, कळसहून भावजयीचा फोन आला. "आक्का, आबांनी भजनाला जायचं सोडलंय. म्हणत्यात, कान पुरतं गेलं."

आबा म्हणजे आमचे वडील. त्यांना कमी ऐकू यायला लागून बरीच वर्षं झाली. बोलणं गेलं, टाळ गेले, बारीक आवाज सगळेच गेले. राहिला तो मृदंगाच्या कणीक लावलेल्या बाजूचा घुमारा. तरुणपणी स्वतः बांधलेल्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून तो त्यांना अजून ऐकू यायचा. दर गुरुवारी संध्याकाळी देवळात ते स्पीकरच्या खोक्याला पाठ टेकून बसायचे आणि मांडीवर ताल धरायचे. त्यांच्या वाट्याला एवढंच उरलं होतं.

मी तशीच स्कूटर काढून कळस गाठलं. देवळात मृदंगवाल्या तात्यांना वाजवायला लावलं आणि कान देऊन ऐकलं. टाळ खणखणीत येत होता, पण मृदंग पत्र्याच्या डब्यावर बोटं आपटल्यासारखा. आबांचे कान जिथल्या तिथं होते, अ‍ॅम्प्लिफायरमधला खर्जच नाहीसा झाला होता. खालचं झाकण काढलं आणि माझं डोकं फिरलं. मधल्या ट्रान्सफॉर्मरचे तारेचे वेढे नव्यानं भरलेले, तेही मोटारीच्या जाड तारेनं!

"जळला हुता," शेजारी उभा असलेला धाकटा भाऊ म्हणाला. "इंदापूरला मोटार भरणाऱ्याकडं दिला. त्यो म्हणला, बारीक तार टिकायची न्हाय. जाड भरलीया, आता जळायचा न्हाय."

"ही काय हिरीवरची मोटार हाय?" मी ओरडले. "मला इचारायला तोंड नव्हतं?"

आमच्या ऊसपट्ट्यात हे सगळ्यांना पाठ आहे: कमी व्होल्टेजला मोटार जळते, तेव्हा भरताना तार जाड घाला. पण जाड तारेचे वेढे मावणार किती? पुढचा एक व्हॉल्व्ह आवाज ढकलतो, शेवटचे दोन तो स्पीकरला पोचवतात आणि मधला ट्रान्सफॉर्मर हा त्यांच्यातला सांधा. केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतील तरच खर्ज पलीकडं जातो. वेढे कमी पडले की ढकलणाऱ्याला तो पेलत नाही आणि तिथंच मरतो. पत्रिका न जुळताही माणसांचे संसार होतात, ढकलणारा, सांधा आणि पोचवणारी जोडी, या तिघांचा होत नाही.

भावजयीसमोर, तात्यांसमोर मी भावाला नाही नाही ते बोलले. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "आक्का, जळला का, ते इचारलं न्हाईस."

मी पुन्हा आत पाहिलं. ढकलणाऱ्या व्हॉल्व्हच्या जागी एक थोराड व्हॉल्व्ह उभा होता. माझाच. गेल्या जत्रेला मंडळींनी आवाज वाढवून मागितला, म्हणून आबांचा किरकोळ व्हॉल्व्ह काढून हा मीच बसवला होता. एवढा करंट त्या बारीक तारेला सोसेल का, हे बघायचे कष्ट मी घेतले नव्हते. एक बदललास तर तिन्ही तपास, असं आबा मला मी फ्रॉकात होते तेव्हापासून बजावत आलेत.

"तवापास्नं तापत हुता," भाऊ म्हणाला. "आबास्नी सांगितलं न्हाय मी. तुझ्या हातावर लई भरवसा हाय त्यांचा."

त्यानं मला पाठीशी घातलं, याचा मला आधीपेक्षा जास्त राग आला. ट्रान्सफॉर्मर सोडवला आणि जळोचीला आले.

आठ दिवस बारीक तार भरत होते. तीनदा तुटली, तीनदा पहिल्यापासून सुरुवात केली. तारेला शिव्या घातल्या, त्या कुणाला होत्या ते मला ठाऊक होतं. नवा ट्रान्सफॉर्मर आणि आबांचा जुना व्हॉल्व्ह बसवला आणि गुरुवारी त्यांना हाताला धरून देवळात नेलं. ते येतच नव्हते. "कशापायी? माती ऐकू ईना मला," म्हणत होते.

तात्यांची पहिली थाप पडली. आबांची पाठ ताठ झाली, बोटं मांडीवर आली. "माझं कान हायती की गं!" ते एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, की टाळ थांबले. डोळे पुसले आणि लगेच त्यांच्यातला कारागीर जागा झाला.

"मग बिघडवलं कुणी?"

भाऊ खाली मान घालून बसला. त्यानं नावही घेतलं नाही, ना माझं, ना त्या मोटारवाल्याचं.

"मी," मी म्हणाले.

आबांनी कानामागं हात धरला. माझा बारीक आवाज त्यांच्यापर्यंत कधीच पोचत नाही. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि भावावर ओरडले होते तेवढ्याच जोरानं ओरडले, "मी बिघडवलं, आबा! मी!"

आबा माझ्या ओठांकडं बघत होते.

"कोण म्हणलीस?"

मी पुन्हा ओरडले.