चंदनाचा वास

परवा माहेरी गेले, तेव्हा आई देवासमोर पेटती उदबत्ती नाकाजवळ धरून उभी होती. बाबा गेल्यापासून पूजा तीच करते. ते लावायचे तीच चंदनाची उदबत्ती, त्याच पिवळ्या पुड्यातली, ती रोज लावते.

"अगं, ह्यांच्या पूजेचा वास येतच नाही," ती म्हणाली. "मी विसरत चालले की काय?"

मी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन विचारलं. दुकानदारकाका म्हणाले, "आता त्यात चंदनाची पूड कुठली, ताई? नुसतं वासाचं तेल लावतात. तेही कारखान्यातलं."

मला हायसं वाटलं. घरी येऊन आईला सांगितलं, "तू काही विसरली नाहीस. उदबत्तीच बदललीय."

तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तो वास आता कुठेच नाही?"

आपणच विसरलो असं तिला वाटत होतं, तोवर तो वास निदान जगात कुठेतरी होता. आता खरं काय ते कळलं, आणि बाबांच्या मागोमाग तोही गेला.