गालातला पांढरा चट्टा

गुटख्याच्या पुड्यांच्या माळा बडोद्यातल्या प्रत्येक पानाच्या टपरीवजा गल्ल्यावर लोंबू लागल्या, तेव्हापासून मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला एक अख्खा तास तंबाखूवरून झोडपायचो. विषय रसायनशास्त्र, त्यामुळे फळ्यावर निकोटीनची रचना काढायची सोय होती. मी असा काही रंगात यायचो की मागच्या बाकावरची मुलं तोंडातला गुटखा घाबरून गिळून टाकायची. याला मी समाजकार्य म्हणायचो.

पुढे एकदा दाढ भरायला फतेगंजातल्या दवाखान्यात गेलो, तर दातांची डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी निघाली. दाढ राहिली बाजूला. डाव्या गालाच्या आत, हिरडीलगत, तिला एक पांढरा चट्टा दिसला. कापसाने पुसून पाहिला, गेला नाही. मग ती माझा कागद भरायला बसली आणि तंबाखूच्या रकान्यापाशी येऊन हसली. "सर, तमाकु तो तमे नथी ज लेता," म्हणाली आणि मला न विचारताच 'नाही' लिहून मोकळी झाली. मी विनयाने मान खाली घातली.

आता खरं सांगतो. रोज सकाळी वीस मिनिटं मी तरसालीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर बसून मशेरी लावत असे. तंबाखूची पानं मीच बाजारातून आणायचो, तव्यावर काळी होईपर्यंत मीच भाजायचो, मीच कुटायचो. पण आमच्या घरात तिला आईच्या वेळेपासून 'मंजन' म्हणत आणि मंजन म्हणजे व्यसन नव्हे, ती दातांची निगा. पणजोबा संस्थानच्या दरबारात कारकून होते. आमच्या बोलण्यात ते दिवाणजींच्या जरा खालीच बसत. अशा घरातला माणूस तंबाखू खातो असं कोण म्हणेल? मी तर नाहीच म्हणालो.

चट्ट्याचा तुकडा तपासायला गेला. अहवाल घ्यायला बायकोही आली. कॅन्सर नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढून टाकायला हवा होता. डॉक्टरीणबाईंना कोडं पडलं होतं. तंबाखू नाही, दारू नाही, मग हे कशाने? शेवटी तिने टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत सांगितलं की एक विषाणू असतो, पॅपिलोमा नावाचा. घशात जास्त, तोंडात कमी, पण कधीकधी त्याचाही हात असतो. तो जवळिकीतून येतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहू शकतो. जवळिकीची फोड करताना बिचारीचे कान लाल झाले. त्या वेळी मशेरीचा म सुद्धा माझ्या तोंडून निघाला नाही.

येताना स्कूटरवर बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, मागची स्टेपनी धरून बसली. लाज वाटते सांगायला, पण फतेगंज ते तरसाली मी मनातून थोडा सुखावलो होतो. पन्नाशीच्या, टक्कल पडलेल्या, स्वेटरवर खडूची पूड घेऊन फिरणाऱ्या माणसावर कुणीतरी असला संशय घेतला होता.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि विचारलं, "कोण होती?"

कुणी नव्हती, हे मी शपथेवर सांगितलं. ते पुरेना, म्हणून मग खरं कारण सांगितलं. विषाणूचं नाव उगाच आलं, हा प्रताप मंजनाचा आहे. मंजन म्हणजे भाजलेली तंबाखूच. सुटलो, असं वाटलं. आता ती हसेल, आयुष्यभर मला या व्याख्यानांवरून चिडवेल, एवढीच माझी तयारी होती.

ती हसली नाही. तिने जिभेने स्वतःचा गाल आतून चाचपून पाहिला. थोरलीच्या बाळंतपणानंतर तिच्या हिरड्या दुखायच्या, तेव्हा मीच तिला चिमूटभर मंजन दिलं होतं. औषधी आहे, असं म्हणालो होतो. मग तिलाही सवय लागली. रोज दुपारी, मुलं शाळेत गेली की ती लावायची, आणि भाजून, कुटून, भुकटी करून आणून देणारा मीच; अख्खी पानं तिने कधी पाहिली नव्हती.

"ही तंबाखू आहे, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"वर्गातल्या परक्या पोरांना दरवर्षी सांगत होतात," ती म्हणाली, "मला एकदा सांगायचंत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो आणि मी विद्यार्थिनीला सगळं सांगितलं. तिने लगेच बायकोला खुर्चीत बसवलं. हिच्या हिरडीवरही चट्टा होता, माझ्याहून लहान, पण होता. तुकडा काढला. अहवाल यायला आठ दिवस लागले. माझ्या स्वतःच्या अहवालाची वाट पाहताना मी परीक्षेचे दोन गठ्ठे तपासून संपवले होते. या आठ दिवसांत एक पेपर तपासता आला नाही. अहवाल चांगला आला. ती देवापुढे साखर ठेवायला आत गेली आणि मी ओट्यावर बसून रडलो. निकोटीनची रचना मला आजही डोळे मिटून काढता येते. बायकोला साधं 'लावू नकोस' म्हणायला मला सोळा वर्षं लागली.